आमंत्रण आणि आसन

काही दिवसांपूर्वी एका परिचित कुटुंबाच्या भेटीला आम्ही गेलो असता त्या घरची लेक आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेली होती. तिच्या कंपनीची मीटिंग चालू होती. ऑफिस पुण्याला, घर वसईला आणि पदरी तान्हे मूल. म्हणून तिला घरून काम करण्याची मुभा मिळालेली. पडद्यावर एक लांब टेबल दिसत होते व त्याभोवती सात-आठ माणसे बसली होती. कुणीतरी काही बोलले, सगळे हसले. काय बोलले ते हिला ऐकू आले नाही. दोनदा तिने बोलण्यासाठी तोंड उघडले आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाचा आवाज पुढे गेला. तासाभराने ती बाहेर आली व म्हणाली, "फादर, मी मीटिंगला होते, पण मीटिंग माझ्याशिवायच झाली."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, थकवा होता. ते वाक्य मात्र आमच्या मनातून जाईना. तिला कुणी वगळले नव्हते. रीतसर बोलावणे होते, यादीत नाव होते. मग तिच्यावर अन्याय झाला असे म्हणावे काय? आणि झाला असेल, तर तो कुणी केला?

२०२० सालच्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा हा प्रश्न उद्भवला नव्हता. ज्यांचे काम लॅपटॉपवर होण्याजोगे होते ते सारेच घरी बसले होते. सर्वांच्या वाट्याला पडद्यावरची सारखीच चौकट होती. पुढे काही जण ऑफिसात परतले, काही घरीच राहिले आणि हायब्रिड नावाची मिश्र व्यवस्था रूढ झाली. विषमता आली ती तेव्हा. एकाच मीटिंगमध्ये काहींना खुर्ची मिळाली व काहींना नुसती चौकट.

या विषमतेमागे कुणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील दहा भाषांमधील संभाषणे तपासली गेली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी केवळ सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असे त्यात आढळले. इंटरनेटवरून आवाज जाऊन परत यायला पुष्कळदा तेवढाच किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दूर बसलेल्या माणसाला बोलण्याची फट दिसते, तोवर ती बुजलेली असते. खोलीतला माणूस किंचित पुढे सरकला तरी इतरांना कळते की याला काही सांगायचे आहे. चौकटीतल्या माणसाची चुळबुळ कुणाच्या ध्यानात येत नाही.

परिणाम मात्र खराखुरा असतो. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला. आठवड्यातील पाचपैकी चार दिवस घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. परंतु तितकेच चांगले काम करणाऱ्या ऑफिसातील सहकाऱ्यांच्या मानाने त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले. त्याच कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर पुढे झालेला दुसरा प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरून काम आठवड्यातून दोनच दिवस होते आणि बढतीत काही फरक पडला नाही. कारणे अनेक असू शकतील. तथापि 'दृष्टीआड सृष्टी' ही आपली म्हण येथे सहज आठवते.

यावर कुणी म्हणेल, घरी राहणे तिने स्वतःच पत्करले ना? गाडीची गर्दी टळली, मूल डोळ्यांसमोर राहिले. मग थोडे उणे सोसायला काय हरकत? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तान्हे मूल वा अंथरुणाला खिळलेले वडील ज्यांच्या घरी आहेत, त्यांची निवड कितपत मोकळी असते? आणि निवड मोकळी असली तरी तिने सोडला तो सहकाऱ्यांबरोबरचा चहा. आपल्या कामाविषयीच्या निर्णयात बोलण्याचा हक्क तिने सोडलेला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयीच्या आपल्या परिपत्रकात कामाचे मोल ते करणाऱ्या व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडले. ती व्यक्ती कुठे बसून काम करते, यावरून ती प्रतिष्ठा कमी-अधिक होत नाही.

म्हणून आमच्या मते कर्तव्य खोलीत बसलेल्यांकडे येते. दोष त्यांचा नसेल, पण सोय त्यांची आहे. आणि ज्याच्याकडे सोय आहे त्याने वाट करून द्यावी, हा साधा न्याय आहे. गिटलॅब या मुख्य कार्यालय नसलेल्या कंपनीत असा प्रघात आहे की काही जण एकाच जागी असले तरी प्रत्येकाने आपापल्या संगणकावरूनच मीटिंगला बसावे. यात टेबलाभोवतीची ऊब थोडी कमी होते, हे मान्य केले पाहिजे. ते जमत नसेल तर निदान दूरच्या माणसाला आधी बोलू द्यावे, चर्चेचा मजकूर आगाऊ लिहून पाठवावा, आणि मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर ठरलेल्या गोष्टीला निर्णय म्हणू नये.

कंपन्या आपल्या माणसांना दोन दिवस लोणावळ्याला किंवा अलिबागला नेतात. त्याला ऑफसाइट म्हणतात. तेथे दूरच्या माणसासाठी कोपऱ्यात एक कॅमेरा लावून समाधान मानले जाते. वस्तुतः कितीही उत्तम कॅमेरा असला तरी पंगतीतला घास पडद्यातून पोहोचत नाही. अशा मेळाव्याला सर्वांना बोलवावे. तारीख पुरेशी आधी कळवावी, प्रवासखर्च द्यावा, लेकुरवाळीची सोय विचारावी. तरीही कुणाला येता आले नाही, तर तेथे स्नेह जोडावा, निर्णय करू नयेत. निर्णयासाठी जिथे सर्वांना सारखे बोलता येईल असा दिवस राखून ठेवावा.

आपल्या घराघरांतून आज अशा चौकटीत बसणाऱ्या लेकी-सुना आणि मुलगे आहेत. आणि टेबलाच्या प्रमुख खुर्चीवर बसणारेही आपल्यातच आहेत. ही विनंती मुख्यतः त्यांना आहे. पुढच्या मीटिंगमध्ये विषय मांडून झाला की क्षणभर थांबा आणि पडद्याकडे पाहून नाव घेऊन विचारा, "तुझे काय मत आहे?" मग उत्तर येईपर्यंत वाट पाहा. ते पोहोचायला थोडा उशीर लागतो.