शस्त्राने न मेलेल्या सैनिकाचे स्मरण

पितृपक्षातील भाद्रपद वद्य चतुर्दशी धर्मशास्त्राने शस्त्राने, विषाने किंवा अपघाताने मरण आलेल्यांच्या श्राद्धासाठी राखून ठेवली आहे. स्वाभाविक मृत्यू याच तिथीस आला, तरी त्या व्यक्तीचे महालय श्राद्ध अमावास्येसारख्या अन्य दिवशी करावे, असे निबंधग्रंथ, म्हणजे स्मृतिपुराणांतील वचनांचा मेळ घालून निर्णय देणारे ग्रंथ, सांगतात. युद्धस्मारकांवर नावे कोरताना आधुनिक राष्ट्रेही बहुधा हाच निकष लावतात. त्यामुळे जो लढला, परतला आणि संसार करून वार्धक्याने गेला, त्याला सैनिक म्हणून ना पंचांगात वेगळा दिवस मिळतो ना शिळेवर जागा. पिता म्हणून त्याची तिथी निघते, पण मित्र म्हणून त्याचे स्मरण कोणी आणि कोणत्या अधिकाराने करावे, हा प्रश्न उरतो.

बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे खडकीचे केंद्र आणि दिघीची लष्करी हद्द ज्याला जवळ आहे, त्या पुण्याच्या विश्रांतवाडी परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. याच बॉम्बे सॅपर्समध्ये १९४० साली भरती झालेले, कारवारकडचे रामा राघोबा राणे यांनी ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात नौशेरा-राजौरी मार्गावर, स्वतः जखमी असताना, सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र हयातीत मिळालेल्या मोजक्या सैनिकांपैकी ते एक. १९६८ साली मेजर म्हणून ते निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. राष्ट्राची स्मृती त्या चार दिवसांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु निवृत्तीनंतरच्या सव्वीस वर्षांतला माणूस तिच्या कक्षेत येत नाही.

धर्मविधीच्या कक्षेत तो येतो का? तैत्तिरीय संहितेतील ऋणत्रयाच्या कल्पनेनुसार ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी म्हणूनच जन्मतो, आणि पितृऋण संततीने फिटते; पुढे ही कल्पना सर्वच गृहस्थांना लागू मानली गेली. मात्र बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात, म्हणजे मृताचा पिंड त्याच्या पिता-पितामह-प्रपितामहांच्या पिंडांत मिसळण्याच्या विधीत, ‘प्रेत’ या अवस्थेतील व्यक्ती ‘पितर’ होते आणि पुढे नाव, गोत्र व वसुरूप एवढ्यावरच ओळखली जाते. तिचा स्वभाव, तिचा राग, तिने बराकीत सांगितलेले विनोद यांना संकल्पात स्थान नाही. हे रूक्ष वाटले तरी त्यामागे तर्क आहे: ऋण फेडण्यासाठी धनको आवडता असावा लागत नाही, आणि वडिलांशी न पटलेल्या मुलालाही म्हणूनच श्राद्ध करता येते.

मित्राचे तसे नाही. त्याला फेडायचे काहीच नसते. तरीही शास्त्राने त्याला पूर्णपणे वगळलेले नाही, कारण तर्पणाच्या अखेरीस बांधव नसलेल्यांनाही पाणी दिले जाते. माघ शुद्ध अष्टमीचे भीष्मतर्पण तर याहून विलक्षण आहे: निपुत्रिक योद्ध्याला पाणी द्यायला रक्ताचे नाते लागत नाही आणि पिता हयात असलेल्यालाही तो अधिकार आहे. वंशाच्या चौकटीत शास्त्राने स्वतःच पाडलेली ही फट मोठी अर्थपूर्ण आहे, जरी ती एका महाकाव्यातील पुरुषापुरतीच ठेवली गेली.

दुसरी वाट याच परिसरातील बौद्ध कुटुंबांत दिसते. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि नित्य आत्मा नाकारणाऱ्या विचारात ते सुसंगतच आहे. त्याऐवजी होणाऱ्या पुण्यानुमोदनात, म्हणजे मृताच्या सत्कर्मांचे जिवंतांनी अनुमोदन करण्याच्या सभेत, त्रिशरण-पंचशीलानंतर आप्तांबरोबर सहकारी आणि स्नेहीही बोलायला उभे राहतात. अशा भाषणांत मृत बहुधा निर्दोष ठरतो, हा त्यांचा दोष खराच. पण मुलाच्या जन्माआधीचा बाप कसा होता, याची साक्ष देणारे तेथे हे स्नेहीच असतात, आणि ती साक्ष देण्याचा त्यांचा अधिकार कोणत्याही गोत्रावर अवलंबून नसतो.