वल्द शेख लाल

पुतणी बारावी झाली आणि आमच्या घरात परदादांचे नाव दिवसातून दहा वेळा निघू लागले. एरवी ते शबे-बरातलाच निघायचे. पुतणीला इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. आमचे घराणे पिंजाऱ्याचे. दादांची धुनकी आम्ही स्वतः माळ्यावर पाहिलेली आहे. तिची तात उंदरांनी खाल्ली होती. पण धुनकी कार्यालयात चालत नाही. तिथे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कागद लागतो आणि त्या कागदावर 'पिंजारी' हा शब्द लागतो. आपल्या कित्येक घरांची अडचण हीच आहे. जुन्या कागदांत जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढेच लिहिलेले. लिहिणाऱ्याने विचारले नाही आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले नाही.

मास्तर म्हटला की जनगणनेचे काम आलेच. त्यामुळे नातेवाईक आम्हालाच विचारू लागले, 'इंग्रजांच्या जनगणनेत नाव असेल ना?' असायला हवे होते. १९०१ साली मध्य प्रांताची शिरगणती रसेल साहेबाच्या देखरेखीखाली झाली. जातींचे आकडे त्याने बारकाईने मांडले. पण छापून आले ते आकडे, माणसे नव्हेत. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने तर दारच बंद केले. ती नोंद कोणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून देताही येत नाही. इंग्लंडात शंभर वर्षे झाल्यावर १९२१ ची जनगणना २०२२ साली लोकांना पाहायला खुली झाली. अमेरिकेत बहात्तर वर्षांनी खुली करतात. तिकडचा माणूस घरबसल्या आपला पणजोबा शोधतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात त्याची जागा कोतवाल बुकाने घेतली आहे. गावच्या कोतवालाने सांगितलेले जन्म आणि मृत्यू त्यात ओळीने उतरलेले असतात.

मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना सोबत घेऊन आम्ही आर्वीकडच्या आमच्या मूळ गावाची पाने काढून घेतली. परदादांचे नाव इथे बदलून सांगतो. समजा, शेख चांद वल्द शेख लाल. हे नाव तिसऱ्याच दिवशी सापडले आणि पुढे जातही स्वच्छ लिहिलेली, पिंजारी. १९१८ सालचा मृत्यू, कारण ताप. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांतात घरेच्या घरे रिकामी केली होती. आम्ही तिथल्या तिथे अल्हमदुलिल्लाह म्हटले. मेलेल्या माणसाच्या नोंदीवर शुक्र करतो आहोत हे मागाहून लक्षात आले.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा गडबड कळली. आमच्या दादांचा जन्म १९२६ चा. त्याची ओळही त्याच बुकात मिळाली: 'शेख चांद वल्द शेख लाल यास मुलगा झाला.' त्या काळी मुलाचे नाव लिहीत नसत, बापाचेच लिहीत. जात मुसलमान. १९१८ साली मेलेल्या माणसाला १९२६ साली मुलगा कसा होईल? म्हणजे गावात शेख चांद दोन होते आणि दोघांच्या बापांची नावेही एकच. कागदाने पिंजारी ठरवलेला चांद आमचा नव्हता. आमचा चांद खरोखर पिंजारी होता, पण कागदाला ते ठाऊक नव्हते.

कार्यालयाबाहेर बसणारा अर्जनवीस हसला. 'गुरुजी, एकच नक्कल लावा, दुसरी काढलीच नाही म्हणा.' पुतणीचा सवाल याहून कठीण होता. 'चाचा, परदादा पिंजारी होते की नव्हते?' होते. 'मग मी खोटे काय सांगते आहे?'

या प्रश्नाने आमची रात्रीची झोप उडवली. खरी गोष्ट दुसऱ्याच्या कागदाने सिद्ध करणे हे खोटे आहे काय? हक्क तर तिचाच आहे, ती कोणाचा घास काढून घेत नाही. मनाने ही वकिली आम्ही बरेच दिवस केली.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. हदीसच्या उलेमांपुढे एकाच नावाचे, एकाच वल्दियतचे रावी येत. एक भरवशाचा, दुसरा कच्चा. खतीब बगदादी (मृत्यू १०७१) यांनी अशा नामसारख्या रावींवर वेगळा ग्रंथच लिहिला. उस्ताद कोण, शहर कोणते, वफात कधी, हे पाहून ते माणसे वेगळी करीत. आम्हाला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हदीसचा मजकूर खरा असला तरी तो भलत्याच माणसाच्या नावावर चालवून घेणे त्यांना मान्य नव्हते. आणि नसबीबद्दल तर सूरह अहज़ाबची ताकीदच आहे. हज़रत ज़ैद यांना लोक ज़ैद बिन मुहम्मद म्हणत. त्यानंतर ते पुन्हा ज़ैद बिन हारिसा झाले. ज्यांचा मुलगा म्हणवून घेण्यात सर्वांत मोठा मान, तिथेही सवलत नाही. मग एका नकलेसाठी आम्ही आमचा परदादा बदलायचा?

दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. आसामात १९५१ ची नागरिक नोंदवही त्या वर्षीच्या जनगणनेवरून तयार केली होती. पुढे लोकांना आपला वडीलधारा त्या जुन्या याद्यांत दाखवावा लागला. नावे सारखी, हिज्जे वेगळे. एकाच नोंदीवर दोन घरांनी बोट ठेवले की वंशावळी जुळवायला दोघांनाही बोलावणे. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली, त्यात १९ लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले. ते सगळे नामसारखेपणाने राहिले असे नाही. पण दुसऱ्याचा आजोबा, जाणून किंवा चुकून, आपला म्हटला की त्याच्या खऱ्या नातवाला दारात उभे राहावे लागते, हे तिथे दिसले.

आमच्या या दुसऱ्या चांदला नातू आहेत काय? बुकात १९१५ चा एक जन्म निघाला, बाप शेख चांद, पिंजारी. विचारत विचारत पुलगावपर्यंत गेलो. घराणे गिरणीच्या कामाला म्हणून गाव सोडून गेले होते. पणतू ऑटो चालवतो. पणजोबाचे नाव त्याला माहीत नव्हते, आजोबांच्या पलीकडे कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्या मुलालाही हाच दाखला हवा होता. आमच्या पिशवीतली नक्कल आम्ही त्याला दिली. त्याने चहा पाजला आणि नक्कल लॅमिनेट करावी का, असे विचारले. नको म्हटले, पडताळणीत अडचण येते.

पुतणीने प्रवेश खुल्या जागेतून घेतला, फी पूर्ण भरली. ती आमच्याशी पंधरा दिवस नीट बोलली नाही आणि तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आमची नोकरी पक्की आहे, फुकटचा तत्त्वनिष्ठपणा आम्हाला परवडतो, असे तिचे म्हणणे. त्याला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. दादांचे थोरले भाऊ गावच्या शाळेत दोन वर्षे शिकले होते, असे फुफी सांगते. त्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कपाटात बांधून ठेवलेले आहे आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते दिवाळीनंतर या म्हणाले आहेत. जायचे आहे. पुतणीही येते म्हणाली.