ज्याला गाव सोडता येतं

‘फँड्री’ पाहिल्यावर ‘किल्ला’ पाहवत नाही, असा एक आक्षेप सिनेमाच्या चर्चांमधून सतत कानावर येतो. एकीकडे गावातली डुकरं पकडणाऱ्या कैकाडी घरातला जब्या, दुसरीकडे पुण्याहून गुहागरला आलेला, सरकारी अधिकारी आईचा हुशार मुलगा चिन्मय. जब्याचं दुःख खरं आणि चिन्मयचं खात्यापित्या घरातलं. कोकणातला पाऊस सुरेख टिपला एवढंच त्या सिनेमाचं कर्तृत्व, असं हे म्हणणं. ते मांडणाऱ्यांचा अभ्यास मी मानतो. पण दुःखांची अशी उतरंड लावणं मला मान्य नाही, आणि ते का, हे एकदा सविस्तर लिहायला हवं.

‘किल्ला’तला एक प्रसंग आठवा. मुलांची सायकलींची शर्यत किल्ल्यापर्यंत जाते. आत हुंदडणं सुरू होतं, पाऊस कोसळू लागतो आणि चिन्मय बाकीच्यांपासून तुटतो. भिंतींच्या आडोशाने तो भिजत, हाका मारत फिरतो. बाहेर येऊन पाहतो तर कोणीच नाही. मित्र आपापल्या सायकली घेऊन निघून गेलेले. यात कोणी दुष्ट नाही. पाऊस आला म्हणून पोरं पळाली, इतकंच. पण ज्याचा बाप नुकताच गेला आहे त्याला ‘मागे ठेवून जाणं’ हे एकाच अर्थाने कळतं. दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतःच छायालेखक आहेत, आणि त्यांचा कॅमेरा इथे देखाव्याकडे बघतच नाही. तो त्या पोराच्या घाबरलेल्या पावलांबरोबर राहतो. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला मिळालेलं क्रिस्टल बेअर मुलांच्याच ज्युरीने दिलेलं आहे. गुहागर कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या मुलांना तो एकटेपणा ओळखता आला. त्यांनी काही पावसाला बक्षीस दिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आक्षेपकांच्या नजरेतून सुटते. चिन्मयच्या आईचं, अरुणाचं, मोठं होणं. अमृता सुभाषने ही बाई फार कमी बोलून उभी केली आहे. नवरा गेलेला, परकं तालुक्याचं गाव, भाड्याचं घर, आणि ऑफिसात ‘मॅडम, एवढी सही करून टाका’ म्हणणारी माणसं. नोकरी टिकवायची, सचोटी टिकवायची आणि घरी गेल्यावर अबोला धरलेल्या मुलासमोर आवाज चढू द्यायचा नाही. मुलगा रागाच्या भरात एका दारुड्या कोळ्याबरोबर होडीतून समुद्रात जातो आणि ती वेड्यासारखी शोधत फिरते, तेव्हा कळतं की या घरात मोठं होण्याचं ओझं दोघांवर आहे आणि दोघांनाही ते नीट उचलता येत नाही. चाळिशीच्या आतबाहेरची बाई एकटीने जग शिकते, ही गोष्ट मराठी पडद्यावर किती वेळा आली? तिला ‘सुखवस्तू’ म्हणून बाजूला सारणारे पगार मोजतात, माणूस मोजत नाहीत.

इथपर्यंत माझं म्हणणं सोपं आहे. पण दोन्ही सिनेमे पुन्हा शेजारी ठेवले की आक्षेपाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट डाचत राहते, आणि ती दुःखाच्या वजनाची नाही. ती बदलीची आहे.

बदली ही महाराष्ट्रातल्या नोकरदार घरांची ऋतुचर्या आहे. २००५च्या बदल्यांच्या कायद्याने तिला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ आणि एप्रिल-मे हा मोसम नेमून दिला, पण रीत त्याआधीचीच. ऑर्डर निघते, चार्ज दिला-घेतला जातो, शाळेतून दाखला काढतात, टेम्पोत भांडीकुंडी चढतात. मुलाला विचारत कोणी नाही. हा मुलावर अन्यायच असतो. पण याच ऑर्डरमुळे त्याला गाव सोडता येतं. त्याच्या मागे राहिलेलं गाव मग आठवण बनतं आणि आठवणीचा सिनेमा होतो. ‘किल्ला’ संपतो तेव्हा अरुणाची पुन्हा बदली झालेली असते. गुहागर नुकतं कुठे आपलं वाटू लागलेलं असतं आणि निघायची वेळ येते. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरच्या ‘शाळा’तही मुकुंदची शिरोडकर गाव सोडून जाते आणि तो मागे उरतो. मोठं होणं म्हणजे कोणीतरी निघून जाणं, अशी या सिनेमांची घडणच आहे.

‘फँड्री’त कोणाचीही बदली होत नाही. जब्याकडे निघायचे मार्ग म्हणून जे आहे ते पाहा. एक काळी चिमणी, जिची राख त्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की ती आपल्या प्रेमात पडेल अशी त्याची समजूत. दुकानात दिसलेली जीन्स. तिच्यासाठी पैसे जमवायला सायकलवरून पेप्सी-कुल्फी विकायची धडपड, आणि ती सायकलही चिरडली जाते. दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांनी एकेक दार दाखवलं आणि एकेक बंद केलं. शेवटच्या डुकराच्या पाठलागात तर गावाने बसायला जागा धरलेली असते, पोरं हसत असतात, आणि शालूला आपण दिसू नये म्हणून जब्या आडोसा शोधत असतो. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि हातात आलेलं डुक्कर पळून जातं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. इतक्या महात्म्यांच्या समोरून जाणाऱ्या त्या पोराला चालायला वाट एकच उरलेली, घरची. मग तो दगड उचलतो.

म्हणजे चिन्मयचं दुःख खोटं आहे असं नाही. त्याच्या दुःखाला वाट आहे, एवढाच फरक; पण तो फरक सगळं बदलतो. आक्षेप घेणाऱ्यांना हे जाणवलं होतं, त्यांनी ते चुकीच्या जागी ठेवलं. दुःख कोणाचं मोठं, या वादात पडायचं कारण नव्हतं. गाव कोणाला सोडता येतं, हे विचारायला हवं होतं.

गाव सोडणं म्हणजे सुटका, असंही नाही. हे मंजुळ्यांनीच २०१६ साली ‘सैराट’मध्ये दाखवलं. कोळ्याचा परश्या आणि पाटलाची आर्ची गाव सोडतात, हैदराबादला संसार उभा करतात, आणि गाव त्यांच्या दारात येऊन उभं राहतं. अरुणाच्या सामानाबरोबर सरकारी ऑर्डर असते. आर्ची-परश्याच्या बरोबर फक्त भीती असते. दोन्ही घरं गाव सोडतात असं म्हणणं मग जवळजवळ निरर्थक होतं.

हे सगळं पाहून ‘किल्ला’कडे परतलं की माझी खरी तक्रार सापडते. ती चिन्मयबद्दल नाही, बंड्याबद्दल आहे. पार्थ भालेरावने रंगवलेला तो मागच्या बाकावरचा, उडाणटप्पू, वर्गात कोणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा. सिनेमातला सगळ्यात जिवंत माणूस तोच आहे, आणि २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पार्थचा विशेष उल्लेख झाला तो योग्यच होता. पण सिनेमा त्याला चिन्मयच्या अनुभवातला एक टप्पा म्हणून वापरतो. चिन्मय निघतो तेव्हा गोष्टही त्याच्याबरोबर निघते. बंड्या गुहागरातच राहणार, हे आपल्याला माहीत असतं. पुढे त्याचं काय, हे सिनेमाला विचारावंसं वाटत नाही. पुढच्या पावसाळ्यात नवे साहेब येतील, त्यांचाही एखादा मुलगा असेल, तोही काही काळाने जाईल. असे किती चिन्मय आले-गेले, याचा हिशेब बंड्याकडे असणार.

आणि बंड्याच्या वर्गातली, त्याच गावात राहणारी, लग्न होईपर्यंत कुठेही न जाणारी मुलगी तर या सिनेमांत जवळपास नाहीच. शालूला ‘फँड्री’त दुरून पाहिलं जातं, शिरोडकर निघून जाते, आर्ची मारली जाते. आपल्या या नावाजलेल्या चित्रपटांवर वाद घालायचा असेल तर इथून घालावा. बंड्याची गोष्ट बंड्याच्या बाजूने, आणि त्या मुलीची तिच्या बाजूने, कोण लिहितंय याची मी वाट बघतो आहे.