पाऊस आणि झरा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडले की महामार्गावर किकवी लागते. पश्चिमेला भोर-वेल्ह्याचे डोंगर आहेत. तेथे पावसाळ्यात असा पाऊस कोसळतो की भाताची खाचरे तुडुंब भरतात. आणि त्याच डोंगरांतल्या कित्येक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. काळा कातळ पाणी धरत नाही. अशा वेळी आधार असतो तो झरे जिवंत असलेल्या विहिरीचा.

वाचकहो, आपल्या ईमानाची अवस्था पुष्कळदा या डोंगरांसारखीच नसते काय? रमजानमध्ये तरावीहच्या रांगा, शेवटच्या दहा रात्रींतले अश्रू, कुरआनचे पठण, सारे भरभरून. शव्वाल अर्धा सरत नाही तोच फजरची नमाज चुकू लागते. मग मन विचारते, ते अश्रू खरे तरी होते का? हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. कित्येक प्रामाणिक तरुण याच प्रश्नापाशी अडखळतात आणि ‘आपण ढोंगी आहोत’ असा निवाडा स्वतःविरुद्ध देऊन मशिदीची पायरी सोडतात.

नेमका हाच निवाडा हजरत हंजला (रजि.) यांनी स्वतःविरुद्ध दिला होता. ते प्रेषितांचे लेखनिक होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहवासात स्वर्ग आणि नरक जणू डोळ्यांपुढे दिसतात, पण घरी पत्नी, मुले आणि व्यवहार यांत मिसळताच बरेचसे विसरायला होते, म्हणजे आपण दांभिक झालो, असे त्यांना वाटले. हजरत अबू बकर (रजि.) यांनी ऐकले, तेव्हा आपलीही तीच अवस्था असल्याचे सांगितले. दोघे प्रेषितांकडे गेले. प्रेषितांनी त्यांना झिडकारले नाही. तीच अवस्था अखंड राहिली असती तर फरिश्त्यांनी तुमच्या अंथरुणावर आणि रस्त्यांत तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, असे सांगून त्यांनी समजावले की एक वेळ तशी असते, एक वेळ अशी. सहीह मुस्लिममधील हा प्रसंग घराघरांत सांगितला गेला पाहिजे.

आपली चूक होते ती येथे की, आपण अंतःकरणाला धरण समजतो. भोरजवळच्या भाटघर धरणात पावसाळ्याचे पाणी साठते आणि नीरेच्या कालव्यांतून ते पार बारामती-इंदापूरपर्यंत पोहोचते. रमजाननेही आपल्याला असेच वर्षभर पुरावे, ही आपली अपेक्षा. परंतु मनोबल साठवून ठेवण्याची वस्तूच नाही. अल्लाहचे एक नाव ‘अल-कय्यूम’ आहे: जो स्वतः कायम आहे आणि ज्याच्या आधारावर सारी सृष्टी क्षणोक्षणी उभी आहे. आयतुल कुर्सीमध्ये त्याला डुलकीही येत नाही आणि झोपही नाही, अशी ग्वाही दिली आहे. देणारा क्षणभरही थांबत नसेल, तर घेणाऱ्याने साठा कशासाठी करावा? प्रेषितांनी आपली कन्या हजरत फातिमा (रजि.) यांना सकाळ-संध्याकाळ म्हणण्यासाठी जी दुआ शिकवली, तिच्यात हीच विनवणी आहे की, पापणी लवण्याइतका वेळही मला माझ्या स्वतःच्या हवाली करू नकोस. प्रेषितांच्या घरातही बळ शिलकीत ठेवलेले नव्हते. ते दररोज मागितले जात होते.

येथे एक शंका रास्त आहे. अखंड देखभाल असेल तर अंधार का वाटतो? वहीचे अवतरण काही काळ थांबले तेव्हा विरोधकांनी प्रेषितांना टोमणे मारले. त्यावर सूरह अद-दुहा अवतरली आणि प्रभूने त्यांना सोडलेले नाही, असा दिलासा दिला. म्हणजे मौन आले होते, दुरावा नव्हे. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, तरीही त्यांनी मुलांना अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, असेच बजावले. अश्रू आणि सब्र यांचे वैर आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मयतीच्या घरात रडणाऱ्या बाईला ‘सब्र कर’ म्हणून दटावणाऱ्यांनी याकूब (अ.) यांची कथा एकदा निवांत वाचावी.

झरा मात्र गाळाने बुजतो, हेही खरे. म्हणून विहिरीचा गाळ काढावा लागतो, आणि तो थोडा थोडा वेळच्या वेळी काढला तर जड जात नाही. हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी सातत्याने होते. पाच वेळच्या नमाजा तर आहेतच. त्यांच्या जोडीला फजरनंतर अर्थासह तीन आयती पुरेत. तान्हे मूल मांडीवर असलेल्या आईने ते निजवताना मनातल्या मनात जिक्र करावा. रात्रपाळी करून परतणाऱ्याने झोपण्यापूर्वी आयतुल कुर्सी म्हणावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याच्या नादी लागू नये. तेथूनच, तेवढेच, पुन्हा सुरू करावे.