गवाक्षे किती उघडावीत?

इंद्रिये ही देहरूपी घराची गवाक्षे होत आणि त्यांतून बाहेर पाहणारा त्यांहून निराळा आहे, हा विचार आपल्या दर्शनकारांना इतका निकटचा वाटला की वैशेषिक मताचा भाष्यकार प्रशस्तपाद याने आत्म्याची सिद्धी करताना नेमका हाच दृष्टान्त घेतला. फळाचे रूप डोळ्याने कळते आणि चव जिभेने. तरीही फळ नुसते दृष्टीस पडताच तोंडाला पाणी सुटते, ते या दोन्ही गवाक्षांशी बसणारा प्रेक्षक एकच असल्यामुळे, असे त्याचे प्रतिपादन. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. परंतु प्रेक्षक आहे एवढे मान्य झाले की लगोलग दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि साधकाला तोच अधिक निकडीचा: ही गवाक्षे त्याने किती उघडी ठेवावीत?

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांनी या प्रश्नाचा निकाल आपल्यापुरता लावून टाकला होता. दगडमातीच्या हातभराहून रुंद भिंती, रस्त्याच्या अंगाला खिडकीचा जवळजवळ मागमूस नाही, आणि उजेडाची तजवीज चौकातून किंवा माळवदाला ठेवलेल्या सवण्यातून. चोराचिलटांपासून आणि वैशाखाच्या झळांपासून घर राखण्याचा तो बंदोबस्त होता. (30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने सास्तूरसारख्या गावांत हीच जड माळवदे आणि मातीत रचलेल्या भिंती निजलेल्या माणसांवर आणल्या, तेव्हापासून या घरांविषयी लिहिताना लेखणी अडखळते.) सवण्यातून उतरलेला कवडसा सारवलेल्या भुईवर पडला म्हणजे त्याच्या झोतात जे धूलिकण तरंगताना दिसतात, तशाच कणाला मनुस्मृतीने त्रसरेणू म्हणून मापांच्या गणनेत पहिले स्थान दिले आहे. भर अंगणात, चहूकडे ऊन पसरलेले असताना, तो कण दिसत नाही. मिटलेल्या घरातच सूक्ष्माचे दर्शन घडते, हा निग्रहाच्या बाजूचा बळकट पुरावा होय, आणि तो मी हलका लेखत नाही.

तथापि याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा या पुराव्याला अडवते. चिखल तुडवीत असता विठ्ठलनामात ते इतके लीन झाले की रांगत आलेले स्वतःचे लेकरू पायांखाली गेले तरी त्यांना शुद्ध नव्हती. डोळे होते, कान होते, तळपायाला स्पर्शही होता; आतला प्रेक्षक मात्र सर्व गवाक्षांपासून उठून गेला होता. कीर्तनकार या प्रसंगाला तल्लीनतेची पराकाष्ठा म्हणतात. पण पाणी घेऊन परतलेल्या त्या माउलीचा आक्रोश कथेतून कोणी गाळला नाही, आणि पांडुरंगाकडून मूल परत मिळेपर्यंत कथाही संपत नाही. लेकराच्या मोलाने मिळालेली समाधी पुरेशी वाटली असती, तर परंपरेने ही कथा चिखलापाशीच थांबवली असती.

मग उघडणे आणि मिटणे यांचा मेळ कसा घालावा? आपली दोन झडपांची खिडकी वाऱ्याने आपटते, आणि तिला अर्धवट उघडी ठेवायची तर बाहेरून आकडी अडकवावी लागते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडात रूढ झालेल्या सॅश खिडकीची रचना निराळी: काचेच्या दोन चौकटी पुढेमागे खाचांत बसवलेल्या, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना बांधलेली दोरी कप्पीवरून वळून लाकडी पेटीत उतरते, आणि तिच्या टोकाला शिशाचे किंवा लोखंडाचे वजन लोंबत असते. हे वजन चौकटीच्या भाराशी तुल्य असल्यामुळे चौकट बोटभर उचला की हातभर, सोडाल तेथे ती ठरते. वरची थोडी खाली आणि खालची थोडी वर केली की कोंदट हवा वरून निघून जाते आणि ताजी खालून येते. (त्या देशाने 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवरही कर बसवला, आणि तो चुकवण्यासाठी अनेकांनी उजेडाच्या वाटा विटांनी बुजवल्या!) संयम मला या दडलेल्या वजनासारखा वाटतो. पाहणाऱ्याला ते दिसत नाही, आणि गवाक्ष किती उघडायचे हे आतल्या माणसाच्याच हाती राहते.

संतमेळ्यात कोणाचे मडके कच्चे हे ठरवण्याचे काम मुक्ताबाईंनी सोपवले ते याच गोरोबाकाकांवर. थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ते मारीत गेले, आणि कुंभाराच्या हाताने व कुंभाराच्या कानाने त्यांनी नामदेवांना कच्चे ठरवले. त्या निकालाने दुखावलेले नामदेव पुढे गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले.