आवरण आणि ज्ञान

सूर्याची ऊर्जा भूमीवर दोन वाटांनी पोहोचते. तिचा एक भाग सूर्यबिंबाकडून सरळ रेषेत येतो, तर दुसरा हवेतील रेणू, धूलिकण आणि ढग यांच्यामुळे विखुरला जाऊन साऱ्या आकाशातून उतरतो. या दुसऱ्या भागास विसरित प्रारण म्हणतात. तो मोजण्यासाठी पायरॅनोमीटर, म्हणजे अवघ्या आकाशगोलार्धाचे प्रारण टिपणारे उपकरण, सूर्यापासून आडोशाला ठेवावे लागते. 1957 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या, म्हणजे पृथ्वीच्या अभ्यासासाठी अनेक देशांनी मिळून राबवलेल्या मोहिमेच्या, काळात हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांच्या पुढाकाराने भारतात प्रारणमापन केंद्रांचे जाळे उभे राहिले, आणि अशा मोजणीला देशात पद्धतशीर पाया मिळाला.

सूर्यापुढचा हा आडोसा म्हणजे एक आवरणच. ईशावास्योपनिषदात आवरण ही सत्याच्या आड येणारी गोष्ट आहे, आणि ते दूर करण्याची प्रार्थना तेथे सूर्यरूप पूषन् देवतेलाच केली आहे. या मोजणीत मात्र सूर्य झाकल्यावाचून आकाशाचे स्वतःचे देणे हाती लागत नाही. मग आवरण हे ज्ञानाचे साधन होऊ शकते काय? भारतीय दर्शनांत याला आधार सापडतो. एक असताना दुसरे असणे हा अन्वय, आणि एक नसताना दुसरे नसणे हा व्यतिरेक. कशामुळे काय घडते हे या दोहोंच्या जोडीने ठरते. सूर्याचा आडोसा हा व्यतिरेकाचाच प्रयोग आहे, कारण बिंब दृष्टीआड होताच त्याच्यासरशी जे नाहीसे होते ते थेट प्रारण ठरते आणि जे उरते ते विसरित.

परंतु हे उरलेले निखळ नसते. छायावलय, म्हणजे सूर्याच्या दिवसभराच्या मार्गावर सावली धरणारा पट्टा, पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षाभोवती बसवलेला असतो आणि सूर्याच्या क्रांतीप्रमाणे, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनीय अंतराप्रमाणे, काही दिवसांनी सरकवावा लागतो. तो सूर्याबरोबर आकाशाचाही एक पट्टा झाकतो. म्हणून मिळालेल्या आकड्याला दुरुस्तीच्या गुणकाने गुणावे लागते. आकाश सर्वत्र सारखेच उजळ आहे असे मानून हा गुणक काढला, तर सूर्यालगतच्या अधिक तेजस्वी भागामुळे तोही अपुरा पडतो. सूर्यामागे फिरणारी छायाचकती याहून नेमकी असते. तरीही अर्ध्या अंशाच्या बिंबासाठी ती सुमारे पाच अंशांचा भाग झाकते, आणि थेट प्रारण मोजणाऱ्या उपकरणाची दृष्टीही तेवढीच ठेवलेली असते. थेट आणि विसरित यांची सीमा अशा रीतीने निसर्गाने आखलेली नसून मोजणाऱ्यांच्या संकेताने ठरते. वेदान्ताच्या भाषेत ती उपाधी होय, म्हणजे एकाच वस्तूत भेद दाखवणारी मर्यादा.

म्हणून निषेध, म्हणजे एकेक गोष्ट बाजूला सारून उरलेले जाणणे, हा ज्ञानाचा खरा मार्ग आहे. मात्र जे नाकारायचे नव्हते तेही आपल्या हातून किती झाकले गेले याचा हिशेब देणाऱ्यालाच तो मार्ग खुला आहे, मग तो मोजणारा असो वा साधक.