मातीचा कुंभार कोण?

घडा पाहिला की कुंभार होता हे कळते. जमीन पाहिली की तिचाही कोणी घडवणारा असावा, असे अनुमान करता येईल का, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. या वादात कारणांचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. ज्यातून वस्तू बनते ते उपादानकारण, म्हणजे घड्याची माती. जो ती घडवतो ते निमित्तकारण, म्हणजे कुंभार. कुंभार गेला तरी घडा राहतो. माती गेली तर घडा राहत नाही.

ही विभागणी जमिनीला लावून पाहू. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यान आहे. तिथल्या काळीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. ऊनपावसाने तो झिजला, पाण्याने त्यातील खनिजे बदलली आणि फुगणारी चिकणमाती तयार झाली. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरची माती भेगांत पडते. पावसात फुगताना खालची वर ढकलली जाते. हीच माती ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. इथे पाषाण हे उपादान. ऊन, पाऊस आणि नदी हे निमित्त.

निमित्त नाहीसे होऊनही कार्य उरते, याचा ठळक दाखला चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ आहे. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. तेव्हाच्या हिमनद्यांनी तळाशी अडकलेल्या दगडगोट्यांनी चुनखडकावर समांतर चरे ओढले. नदी गाळ निवडून टाकते: जड गोटे आधी, वाळू मग, पोयटा शेवटी. बर्फ अशी निवड करत नाही. म्हणून त्या काळच्या, तलचीर नावाच्या थरांत बारीक मातीतच मोठे गोटे रुतलेले सापडतात. बर्फ केव्हाच वितळला, चरे राहिले.

हे चरे कोणी ओढले, याचे उत्तर अचेतन बर्फ असे आहे. सांख्यांना ते पटेल, कारण त्यांच्या मते अचेतन प्रकृतीच परिणाम पावत विश्व होते. न्यायमत एवढ्यावर थांबत नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत कार्यावरून ईश्वराचे अनुमान मांडले आहे. त्या वाटेने नैयायिक विचारेल, बर्फाला आणि पाण्याला नियमाने वागायला कोणी लावले? शांकर वेदान्ताने हे द्वैतच मिटवले: ब्रह्म हेच उपादान आणि तेच निमित्त.

भूविज्ञान या वादाचा निकाल देत नाही. ते जवळचे निमित्त नेमके दाखवते आणि प्रश्न एक पायरी मागे नेते. खडकावरचा चरा बर्फाची साक्ष देतो. बर्फामागे चेतन कर्ता आहे की नाही, याची साक्ष त्यात नाही.

भक्तीने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचे संत गोरोबा स्वतः कुंभार. चिखल तुडवताना विठ्ठलनामात त्यांचे भान हरपल्याची कथा वारकरी सांगतात. त्या कथेत घडवणाराच आपले कर्तेपण विसरतो. कुंभार कोण, हा प्रश्न तर्काने सुटत नाही तिथे ‘मी कर्ता’ हा अभिमान सोडणे, हे भक्तीचे उत्तर आहे.